आत्म्याची प्रत: 'सायबरपंक २०७७' आणि देहांतराचा प्रश्न

मनुष्याच्या सर्व स्मृती, सवयी, वासना आणि स्वभावाची वळणे एखाद्या यंत्रात जशीच्या तशी उतरवून घेता आली, आणि तो मनुष्य मेल्यानंतर ते यंत्र त्याच्याच रागलोभांसह बोलू लागले, तर जे बोलते आहे ते तोच मनुष्य होय की नव्हे, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी यंत्राचे नावही न घेता, देहांतराच्या निमित्ताने, दोन हजार वर्षे चर्चिलेला आहे. या प्रश्नाची अलीकडच्या काळातील एक अत्यंत गंभीर मांडणी एखाद्या ग्रंथात नव्हे तर एका व्हिडिओ गेममध्ये आढळते. पोलंडमधील वॉर्सा येथील सीडी प्रोजेक्ट रेड या संस्थेने १० डिसेंबर २०२० रोजी प्रसिद्ध केलेला 'सायबरपंक २०७७' हा ओपन वर्ल्ड प्रकारचा रोल-प्लेइंग गेम आहे. म्हणजे त्यात खेळणाऱ्याला एक संपूर्ण शहर मोकळे असते, कोणत्या रस्त्याने जावे आणि कोणाची गाठ घ्यावी हे त्याने ठरवायचे असते, आणि एका पात्राची भूमिका घेऊन त्या पात्राच्या वतीने निर्णय करायचे असतात. गेम बाजारात आला तेव्हा त्यात इतके दोष होते की सोनीने तो आपल्या डिजिटल दुकानातून काढून टाकला आणि जून २०२१ मध्ये पुन्हा ठेवला. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या २.० या आवृत्तीने आणि 'फॅन्टम लिबर्टी' या जोडकथेने त्याचे रूप पालटले. या दुरुस्तीमुळे तो पुन्हा खेळण्याजोगा झाला हे खरे असले तरी त्याच्याकडे परत जाण्याचे अधिक सबळ कारण निराळे आहे. त्याच्या केंद्रस्थानी असलेला प्रश्न पहिल्या फेरीत खेळणाऱ्याच्या नजरेतून बहुधा निसटतो, आणि शेवट ठाऊक झाल्यावर दुसऱ्या फेरीतच तो पूर्ण वजनानिशी समोर येतो.

कथेचा सांगाडा असा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील नाइट सिटी या कल्पित शहरात व्ही नावाची एक भाडोत्री चोर अरासाका या बलाढ्य जपानी कंपनीच्या मालकीची 'रेलिक' नावाची चिप चोरते (व्ही स्त्री असावी की पुरुष हे खेळणाऱ्याने ठरवायचे असते, येथे सोयीसाठी स्त्रीलिंग वापरले आहे). चोरी फसते, व्हीच्या डोक्यात गोळी घातली जाते, पण तोवर तिने ती चिप स्वतःच्या मेंदूत बसवलेली असते, आणि ती चिपच तिला मृत्यूतून परत आणते. मात्र त्या चिपमध्ये जॉनी सिल्व्हरहँड या २०२३ साली मेलेल्या बंडखोर गायकाचा 'एन्ग्रॅम' असतो. एन्ग्रॅम म्हणजे मनुष्याच्या संपूर्ण मानसिक घडणीची अंकीय प्रत. ही प्रत 'सोलकिलर' नावाच्या प्रणालीने काढली जाते, आणि त्या प्रणालीचा मूळ स्वभाव असा की प्रत काढता काढता ती मूळ मेंदू मारून टाकते. चिप आता व्हीच्या मेंदूची रचना हळूहळू जॉनीच्या रचनेत बदलू लागते. काही आठवड्यांत व्ही उरणार नाही आणि तिच्या देहात जॉनी राहील. तोवर दोघे एकाच मस्तकात नांदतात, भांडतात आणि एकमेकांना ओळखू लागतात.

पाश्चात्त्य विचारात या प्रश्नाची परंपरा जॉन लॉकपर्यंत मागे जाते. राजपुत्राची जाणीव चांभाराच्या देहात शिरली तर तो देह राजपुत्राच्या कृत्यांना जबाबदार धरावा, कारण व्यक्तीचे एकत्व देहात नसून स्मृतीत आहे, असे त्याने सतराव्या शतकाच्या अखेरीस मांडले. पोलंडपुरते बोलायचे तर स्तानिस्लाव्ह लेम यांनी १९५७ मध्ये 'डायलोगी' या संवादग्रंथात, मेलेल्या माणसाची अणूअणूने हुबेहूब प्रत घडवली तर तो माणूस परत आला असे म्हणता येईल काय, याची कठोर तपासणी केली होती. ज्या भाषेत लेम यांनी लिहिले त्या भाषेच्या लेखकांनी हा गेम रचावा, यात एक आंतरिक संगती दिसते. गेमचे जग मात्र मूळचे अमेरिकन आहे. माइक पाँडस्मिथ यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या टेबलावर बसून खेळायच्या खेळातून ते आले आहे.

भारतीय वाचकाला येथे प्रथम गीतेतील वस्त्रांची उपमा आठवते, पण ती येथे लागू पडत नाही. देही जुने शरीर टाकून नव्यात जातो असे म्हणताना गीतेला एकाच तत्त्वाचे स्थलांतर अभिप्रेत आहे. सोलकिलर काहीही स्थलांतरित करत नाही, ते नक्कल करते आणि मूळ नष्ट करते. शिवाय ज्याला शस्त्र छेदू शकत नाही त्या आत्म्याला मारणारी प्रणाली ही कल्पनाच गीतेच्या दृष्टीने असंभव ठरते. म्हणून पाहायला हवे ते सांख्यांच्या लिंगशरीराकडे. सांख्य दर्शनानुसार बुद्धी, अहंकार, मन, इंद्रिये आणि पाच तन्मात्रा म्हणजे सूक्ष्म भूते यांचे मिळून एक सूक्ष्म शरीर बनते, स्थूल देह पडल्यावर तेच संस्कारांचे ओझे घेऊन पुढील देहात जाते, आणि विशेष हे की हे सूक्ष्म शरीर सर्वस्वी जड प्रकृतीचे आहे; जाणणारा पुरुष त्याहून वेगळा, अलिप्त आणि निष्क्रिय आहे. या विभागणीने पाहिले तर एन्ग्रॅम म्हणजे यंत्रात अडकवलेले लिंगशरीर होय, आणि प्रकृतीचा भाग असल्यामुळे त्याची नक्कल निघू शकते यात सांख्याला काही अनर्थ वाटू नये.

मग अरासाका काय विकते हे स्पष्ट दिसू लागते. 'आपला आत्मा सुरक्षित करा' अशा नावाची योजना ही कंपनी श्रीमंतांपुढे ठेवते, आणि ज्या भांडारात या प्रती साठवल्या जातात त्याला तिने मिकोशी हे शिंतो परंपरेतील देवतेच्या पालखीचे नाव दिलेले असते. भारतीय मोक्षशास्त्रांनी ज्या अहंकाराला बंधनाचे मूळ मानले, ज्याच्या संस्कारांचा क्षय व्हावा म्हणून साधनेचे सारे मार्ग सांगितले, तोच अहंकार येथे आत्मा म्हणून गणला जातो आणि कधीही क्षय पावू नये अशा व्यवस्थेत कुलूपबंद केला जातो. संसाराचे चक्र निदान फिरते तरी, आणि त्यात कर्म भोगून संपण्याची शक्यता असते. मिकोशीत मात्र कर्म नाही, भोग नाही, मृत्यूही नाही, केवळ मालकी आहे. गेममधील सर्व अनाचारांमध्ये हा सर्वांत मोठा का, याचे उत्तर खून आणि लुटालूट यांच्या हिशेबात मिळणार नाही. ज्याच्यावर मनुष्याचा स्वतःचाही पूर्ण अधिकार नाही असे मानले गेले, त्यावर येथे एका कंपनीचा हक्क प्रस्थापित होतो, हे ते कारण आहे.

तथापि सांख्याचे उत्तर जॉनीपुढे अपुरे पडते, आणि गेमचे खरे सामर्थ्य इथून पुढे आहे. न्यायसूत्रांनी आत्म्याची ओळख पटवणारी लक्षणे म्हणून इच्छा, द्वेष, प्रयत्न, सुख, दुःख आणि ज्ञान यांची नावे घेतली आहेत. जॉनीकडे ही सहाही आहेत असे निदान दिसते: तो अरासाकाचा द्वेष करतो, सिगारेटसाठी आसुसतो, व्हीने एका रात्रीपुरता देह त्याच्या स्वाधीन केला तेव्हा दारूत बुडून त्या देहावर गोंदवून घेतो. चार्वाकाला यात आपल्या मताची पुष्टी दिसेल, कारण चैतन्य हे भूतांच्या विशिष्ट मांडणीतून उपजते असे त्याचे म्हणणे असल्याने मांडणी साधली की चैतन्यही साधले. पण केवळ वासना म्हणजे माणूस असे असते तर जॉनी हा एक चतुर देखावाच ठरला असता. पॅसिफिका भागातील एका मोडक्या हॉटेलात (त्याला पिस्तिस सोफिया या प्राचीन ग्नॉस्टिक ग्रंथाचे नाव दिलेले आहे, आणि जडात कोंडलेल्या जीवाची सुटका हा त्या पंथाच्या चिंतनाचा गाभाच होता) तो आपल्या युद्धातील पलायनाची हकिगत सांगतो. पुढे शहराबाहेरच्या तेलक्षेत्रात, जिथे त्याचे प्रेत फेकून दिले असावे त्या उकिरड्यावर उभा राहून, ज्यांनी त्याच्यावर विश्वास टाकला त्यांना आपण दगा दिला हे मान्य करतो. जिवंतपणी त्याला हे जमले नव्हते. ध्वनिमुद्रण जेवढे भरले तेवढेच परत देते, त्याला पश्चात्ताप होत नाही. म्हणून जॉनी जो काही असेल तो असो, तो गोठवलेली स्मृती नव्हे. त्याच्यात काहीतरी घडते आहे, आणि ते व्हीच्या सहवासामुळे घडते आहे.

याच्या नेमके उलट उदाहरण ॲल्ट कनिंगहॅमचे. सोलकिलरची जननी असलेली ही स्त्री २०१३ मध्ये त्याच प्रणालीने देहमुक्त केली गेली आणि तेव्हापासून संगणकजाळ्याच्या अथांग प्रदेशात एक बुद्धिमत्ता म्हणून वाढत राहिली. जॉनी जिच्यावर प्रेम करत होता ती आपण नव्हे, असे ती त्याला थंडपणे स्पष्ट करते. स्मृती तिच्याजवळ आहेत. ममत्व गेले आहे. स्मृतीत एकत्व पाहणाऱ्या लॉकच्या सिद्धांताला हा मोठा धक्का होय, आणि गेम आणखी एक धक्का शांतपणे देऊन जातो: २०२३ साली अरासाकाच्या मनोऱ्यावर झालेल्या हल्ल्याची जॉनीची आठवण मूळ टेबलखेळातील वृत्तांताशी जुळत नाही. तिथे हल्ल्याचा तो एकमेव नायक नाही आणि मारला जातो तो अरासाकाच्या पदरी असलेल्या ॲडम स्मॅशरच्या हातून. स्वतःच्या आठवणीत मात्र तो मध्यवर्ती वीर आहे. ज्या स्मृतींवर त्याचे जॉनीपण उभे, त्या स्मृतीच अविश्वसनीय असतील तर नैयायिकांचा तो प्रसिद्ध युक्तिवादही, की आधी पाहणारा आणि आता आठवणारा एकच असल्याशिवाय आठवण संभवत नाही, येथे डळमळतो. वसुबंधूने 'अभिधर्मकोशा'च्या शेवटी आत्मवाद्यांना हेच उत्तर दिले होते की स्मृतीला स्थायी स्वामी लागत नाही, पुरेसा असतो तो कार्यकारणाने जोडलेला प्रवाह.

हा प्रवाहाचा विचार सर्वांत सुगम रीतीने 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात येतो. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील ग्रीक वंशाचा राजा मिनँडर, म्हणजे मिलिंद, भिक्षू नागसेनाला विचारतो की पुनर्जन्म घेणारा तोच असतो की दुसरा, आणि नागसेन सांगतो की तोही नव्हे आणि दुसराही नव्हे. मग दुसराच जन्मत असेल तर पापापासून सुटका झाली, असे राजा सुचवतो, तेव्हा नागसेन आंबे चोरणाऱ्याचा दाखला देतो: मालकाने लावले ते आंबे वेगळे आणि आपण नेले ते वेगळे, असा बचाव करणारा चोर निर्दोष सुटत नाही, कारण नंतरचे आंबे आधीच्यांतूनच आलेले असतात. या उत्तराचे मोल असे की तादात्म्याचा प्रश्न न सोडवताही उत्तरदायित्व टिकते. एका द्रव्याचा धागा सापडला नाही म्हणून कर्माचा धागा तुटत नाही. डेरेक पारफिट या इंग्रज तत्त्वज्ञानेही १९८४ मधील 'रीझन्स अँड पर्सन्स' या ग्रंथात, व्यक्तीचे एकत्व ही जपण्याजोगी मुख्य गोष्ट नव्हे, या निष्कर्षाला आल्यावर बुद्धाचे मत आपल्या बाजूचे असल्याची नोंद केली आहे.

आता गेमच्या अखेरीकडे पाहावे. बहुतेक वाटांनी व्ही मिकोशीत पोहोचते आणि ॲल्ट तिला जॉनीपासून विलग करते. पण विलग करण्याचे साधन दुसरे कोणते नसून सोलकिलर हेच असते. याचा अर्थ असा की त्या क्षणानंतर जी व्ही देहात परतते तीही एन्ग्रॅमच आहे, मूळ व्हीची प्रत आहे. पहिल्या फेरीत खेळणारा धावपळीत आणि भावनेच्या भरात असल्याने हे वाक्य कानावरून जाते. दुसऱ्या फेरीत ते थांबवते. इतका वेळ जॉनीला 'खरा नव्हे' असे म्हणण्याचा ज्याला मोह होत होता त्याला आता कळते की ज्या पात्राला वाचवण्यासाठी आपण झटलो ते पात्र शेवटच्या प्रसंगांत जॉनीहून तसूभरही अधिक 'खरे' नाही. आणि तरीही, व्ही मेली आणि शेवटी दिसते ती कोणी परकी, असे प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. पॅनम किंवा ज्युडी या तिच्या मैत्रिणी तिला मिठी मारतात तेव्हा त्यांची फसवणूक झाली असे वाटत नाही. नागसेनाचे तोही नव्हे आणि दुसराही नव्हे हे उत्तर तर्काच्या कसोटीवर अनेकांना पळवाट वाटते. येथे ते अनुभवाला येते, आणि एखाद्या कलाकृतीने तत्त्वज्ञानाची करावी अशी ही फार मोठी सेवा आहे.

परंतु देह हा रिकामा नसतो. ॲल्ट सांगते की व्हीचा देह आता जॉनीच्या घडणीशी जुळला आहे आणि व्हीला तो सुमारे सहा महिनेच धारण करील. त्यामुळे देह जॉनीला देऊन स्वतः ॲल्टबरोबर निघून जाण्याचा पर्यायही व्हीपुढे असतो. येथे मराठी वाचकाला परकायाप्रवेशाच्या कथा आठवल्यावाचून राहणार नाहीत. शंकराचार्यांनी अमरुक राजाच्या मृतदेहात प्रवेश केल्याची आख्यायिका सर्वश्रुत आहे, आणि त्यात राजाच्या परिवाराला संशय येतो तो वर्तनातील बदलामुळे. मराठीतील पहिल्या चरित्रग्रंथात, म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'त, याहून अधिक अर्थपूर्ण प्रसंग आहे: द्वारावतीच्या चांगदेव राऊळांनी देहत्याग करून गुजरातच्या प्रधानाचा नुकताच मृत झालेला पुत्र हरिपाळदेव याच्या देहात प्रवेश केला आणि तोच पुढे चक्रधर म्हणून प्रसिद्ध झाला, अशी महानुभावांची श्रद्धा आहे. श्रद्धेच्या दृष्टीने तो ईश्वराचा अवतार. पण ग्रंथ एवढे सांगून थांबत नाही. उठून बसलेल्या त्या देहाला आईबाप आहेत, पत्नी आहे, संसार आहे, आणि नव्या स्वामीला काही काळ ते सारे वाहावे लागते. देहाबरोबर देहाची नाती येतात ही जाणीव तेराव्या शतकातील या मराठी गद्यात जितकी स्वच्छ आहे, तितकीच ती या गेममध्ये आहे: व्हीच्या देहात उरलेला जॉनी शहर सोडून निघतो आणि त्यानंतर श्रेयनामावलीबरोबर व्हीच्या मित्रमैत्रिणींचे निरोप येत राहतात, कोणी काळजीने, कोणी संतापाने, ती कुठे आहे असे विचारत. देह मिळाला, पण त्या देहावरील ऋण कोणी फेडायचे? हा प्रश्न जॉनीला कळतो, कारण तो बदलला आहे. वृत्तीने जुना जॉनी असता तर त्याला तो पडलाच नसता.

अरासाकाचा सर्वेसर्वा साबुरो याच्यासंबंधीची वाट या सर्वांच्या विरुद्ध टोकाला आहे. १५८ वर्षांचा हा वृद्ध मुलगा योरिनोबुच्या हातून मारला जातो, आणि व्हीने कंपनीशी हातमिळवणी केली तर त्याच मुलाच्या देहात त्याचा एन्ग्रॅम उतरवला जातो. हरिपाळाचा देह मृत होता, अमरुकाचा देह मृत होता, व्ही आपला देह स्वेच्छेने देते. योरिनोबु जिवंत आहे आणि त्याला कोणी विचारलेले नाही. परकायाप्रवेशाच्या परंपरेत असलेली ही मर्यादा, की रिक्त झालेल्या देहातच प्रवेश व्हावा, येथे ओलांडली जाते, आणि पित्याचे अमरत्व पुत्राच्या उच्छेदावर उभे राहते.

धर्माचा प्रश्न गेममध्ये इतरत्रही येतो, आणि प्रत्येक ठिकाणी सारखा भेदक नसतो. यांत्रिक अवयव बळजबरीने बसवल्या गेलेल्या भावाला रक्तपात न करता सोडवा अशी विनंती करणारा बौद्ध भिक्षू, ध्यान शिकवणारा झेन गुरू, टॅरोच्या पत्त्यांतून व्हीचे भविष्य वाचणारी मिस्टी, ही पात्रे बरीचशी पार्श्वभूमी म्हणून राहतात. जोशुआ स्टीफनसनचा प्रसंग मात्र अपवाद आहे. खुनाबद्दल मृत्युदंड झालेला आणि तुरुंगात ख्रिस्ताकडे वळलेला हा मनुष्य स्वतःला क्रुसावर खिळून घ्यायला तयार होतो, आणि एक मनोरंजन कंपनी त्याचा तो अनुभव 'ब्रेनडान्स' म्हणून, म्हणजे दुसऱ्याला आतून जसाच्या तसा भोगता येईल अशा रीतीने, मुद्रित करणार असते. त्याची श्रद्धा खरी असली तर प्रेक्षकाला तीही मिळेल काय, की केवळ खिळ्यांची वेदना मिळेल? ब्रेनडान्सच्या जोरावर लोकांना पालटता येईल असे जोशुआला वाटते आणि कंपनीला केवळ खप दिसतो. एन्ग्रॅमच्या प्रश्नाचेच हे दुसरे रूप आहे, कारण दोन्हीकडे विचारले जाते ते हेच, की अनुभवाची नक्कल निघाली तरी त्या अनुभवाने मनुष्यात होणारे परिवर्तन नक्कल होऊ शकते काय. जॉनीच्या बाबतीत उत्तर होकारार्थी दिसले, पण ते परिवर्तन मुद्रित नव्हते, ते नव्याने, दुसऱ्या जिवाच्या संगतीत घडले होते. आणि म्हणूनच जोशुआची आशा फोल ठरण्याची शक्यता अधिक.

'फॅन्टम लिबर्टी'ने या विचारात जी भर घातली ती सर्वांत अस्वस्थ करणारी आहे. सरकारशी केलेल्या एका व्यवहारातून व्हीला खरोखर बरे होण्याची वाट मिळते: शस्त्रक्रियेनंतर ती दोन वर्षे बेशुद्ध राहते, जागी होते तेव्हा लढाऊ यांत्रिक अवयव तिचा देह पेलू शकत नाही, ओळखीची माणसे आपापल्या मार्गाने गेलेली असतात, आणि जॉनी पुसला गेलेला असतो. ही वाट निवडण्यापूर्वी जॉनीचा निरोप घ्यावा लागतो, आणि तो त्या निर्णयाला अडथळा आणत नाही. जॉनी मुळात प्रतच होता, तेव्हा कोणाचा वध झाला नाही, असे म्हणून यातून सुटता येत नाही, कारण हे म्हणणाऱ्याने मिकोशीतून परतलेल्या व्हीलाही त्याच न्यायाने कोणी नव्हे असे ठरवायला हवे. आत्मरक्षणाचा अधिकार म्हणून हा निर्णय समर्थनीय ठरू शकेल. जीवघेण्या व्याधीतून सुटण्याची इच्छा निंद्य नाही. परंतु ज्याला पश्चात्ताप होऊ शकतो, जो दुसऱ्याच्या जगण्यासाठी आपले नष्ट होणे स्वीकारू शकतो, त्याच्या नाशाला बौद्ध, जैन किंवा वैदिक कोणतीही परंपरा हिंसेच्या कक्षेबाहेर ठेवू शकणार नाही, आणि बरी होऊन गर्दीत मिसळलेल्या व्हीने ते ऋण कोणत्या देवळात किंवा कोणत्या कर्माने फेडायचे, याची सोय गेमने तिच्यासाठी कुठेही करून ठेवलेली नाही.